दोन वितींचं कापड

सोमवार, ९

मापांच्या वहीची मागची पानं कोरी पडली होती. वही उलटी धरून तिथून लिहायला घेतलं आहे. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून माझी. बघू किती दिवस टिकतं.

गणिताच्या बाईंच्या थोरल्या मुलीचा लग्नाचा पोशाख आज पुरा झाला. खालची तुरपाई काजमावशींनी केली, इस्त्री मी. काजमावशी माझ्याकडे काज, बटणं, तुरपाई अशी सगळी हाताची शिलाई करतात, अकरा वर्षं झाली. त्या मला ताई म्हणतात, मी त्यांना मावशी, आणि आम्हां दोघींत वयानं मोठी कोण ते दोघींनाही ठाऊक नाही. नवरीनं पोशाख घालून आरशासमोर एक गिरकी घेतली आणि थेट माझ्या गळ्यात पडली. एवढी वर्षं शिवतेय, पण गळ्यात पडणारी गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याइतकीच.

कापड होतंच तसं. मोतिया रेशीम, विणतानाच टाकलेली बारीक गोल बुट्टी. गोल बुट्टीला शेंडा-बुडखा नसतो, कापड उलटं धरा की सुलटं, सारखंच दिसतं. ते ध्यानात घेऊन मी दोन्ही बाह्या एकीच्या डोक्याशी दुसरीचे पाय अशा मांडल्या आणि दोन वितींचा सलग तुकडा वाचवला. दुसऱ्या कुणी बेतलं असतं तर वीतभर चिंध्या उरल्या असत्या. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकानं मागितलं तर उरलेलं कापड परत द्यायचं, नाही मागितलं तर ते आपलं. बाईंनी मागितलं नाही. शिवाय हा तुकडा उरलेला नव्हे, मी वाचवलेला.

त्याचा मी लेकीसाठी बटवा शिवला. बुधवारपासून तिची नोकरी सुरू होतेय, पहिलीच. नेफा दीड बोट रुंद, नाडी दोन्हीकडून ओढायची, आत गुलाबी अस्तर. काजमावशी जेवायला घरी गेल्या होत्या, तेवढ्यात शिवून झाला. त्या गेल्यावरच का शिवला म्हणाल, तर सवड तेव्हाच मिळाली.

बुधवार, ११

लेक बटवा घेऊन कामावर गेली. जाताना म्हणाली, "आई, विकतचा वाटतो गं." मी म्हटलं, "विकतचा असता तर आठवड्यात उसवला असता."

निघताना तिनं तो काजमावशींनाही दाखवला. त्यांनी नेफ्यावरून बोट फिरवलं, तोंड उघडून आतलं अस्तर बघितलं, पुन्हा नाडी ओढली. म्हणाल्या, "नेफा सुरेख बसलाय ताई. कापडही." आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. त्यांची नजर अजून चांगली आहे, दोरा पहिल्या खेपेला जातो. मला आधी चष्मा शोधावा लागतो.

मावशींचं एक वेगळंच चाललंय. बाईंच्या शाळेत मुलींना शिवण शिकवायला कुणीतरी हवंय, आणि बाईंनी यांचं नाव सुचवलंय. पक्की नोकरी, सुट्ट्या, बसायला खुर्ची. सोमवारी, तेवीसला ठरणार. मावशी मला सांगताना पदराआड हसल्यासारखं करत होत्या, मग शेवटी हसल्याच. मीही म्हटलं, "वा, छानच." चाळीस पोरी एका वर्गात म्हणजे डोक्यावर बसतील, आणि यांचा आवाज तर शेजारच्या मशीनला ऐकू येत नाही. पण आपण कशाला मोडता घाला. त्या गेल्या तर काज कोण करणार, हेही मनात येऊन गेलं, पण तो काही मुख्य मुद्दा नव्हे.

मंगळवार, १७

आज वाईट झालं.

नवरी आली होती, बरोबर धाकटी बहीण. बहीण करवली आहे, लग्नात अंगठ्या तिच्याकडे राहणार. नवरी म्हणाली, "ताई, पोशाखातलं उरलेलं कापड असेल ना? त्याचा हिला एक एवढासा बटवा शिवून द्या. अंगठ्या त्यात ठेवू." आणि मग म्हणाली, "ते बाबांनी आणलेलं कापड आहे. बोटीवर होते तेव्हा कुठल्याशा बंदरातून घेतलं, माझ्या लग्नासाठी. मी तेव्हा सहा वर्षांची होते. पोशाखाच्या रूपानं बाबा माझ्याजवळ असतील, हिच्या हातातही थोडे असावेत."

त्यांचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली. हे मला माहीत होतं. कापडाचं माहीत नव्हतं.

सांगायचं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. "अगं, तुकडा मी घेतला, दोन दिवसांत बटवा देते," एवढंच. कुणी काही म्हटलं नसतं. पण माझ्या तोंडून निघालं, "नाही गं, काहीच उरलं नाही. बाह्यांनीच खाल्लं सगळं." इतक्या सहज निघालं की माझं मलाच खरं वाटलं. वर म्हटलं, माझ्याकडे छान साटीन आहे, त्याचा शिवते. धाकटी म्हणाली, "साटीन नको." तेरा-चौदा वर्षांची पोर, रडली नाही, पण हनुवटी हलली.

काजमावशी काज करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

गुरुवार, १९

बाई स्वतः आल्या. हातात चौकटींचा कागद. पोशाख जमिनीवर पसरून सगळे तुकडे मोजले म्हणाल्या, पाठ, पुढा, घेर, बाह्या, आणि कागदावर आखून आणले होते. माझ्या लेकीला शाळेत याच गणित शिकवायच्या. तेव्हा ती म्हणायची, बाई चूक शोधत नाहीत, चूकच येऊन त्यांच्यासमोर उभी राहते.

"ताई, शिलाईत दडणारं धरूनही निदान दोन विती उरायला हवं. माझं कुठे चुकतंय?"

चुकत नव्हतं. वीत न वीत बरोबर होती. मी कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला. "कापताना धागा तिरका निघाला होता, त्यात गेलं असेल." त्या म्हणाल्या, "दोन विती?" मी कागद त्यांना परत दिला.

मग त्यांनी आवाज खाली आणला. मावशी दोऱ्याची रिळं आणायला बाजारात गेल्या होत्या, तरीही. "रागावू नका. तुमच्यावर माझा काडीचाही संशय नाही. पण तुमच्याकडे ती बाई असते. झाडलोट, कात्रणं भरणं तीच करते ना?"

मी नाही म्हटलं नाही.

हो तरी कुठे म्हटलं? तेवढ्यात इस्त्री तापली म्हणून मी उठले. ती काही इतकी तापली नव्हती. बाईंनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कळलं. तुमच्यानं सांगवत नाही, साहजिक आहे." अंगावर पाल पडावी तसा तो हात वाटला.

शुक्रवार, २०

बाई शाळा सुटल्यावर सरळ दुकानात आल्या आणि मावशींच्या समोर उभ्या राहिल्या. चढ्या आवाजात काही नाही, वर्गात विचारतात तसंच. "माझ्या मुलीच्या पोशाखातला तुकडा तुम्ही पाहिलात का? खरं सांगा, मी कुणाला काही बोलणार नाही."

मावशींनी सुई कापडात खोवली. माझ्याकडे बघितलं. असेल एक क्षण, दोन क्षण. मी खडूनं एका पायजम्यावर रेघ मारत होते, ती पुन्हा एकदा मारली.

मावशी म्हणाल्या, "मी नाही घेतला. दुकानातच कुठे मशीनमागे वगैरे पडला असेल. ताई बघतील."

बाई "बरं" म्हणाल्या. ते "बरं" ज्या सुरात म्हणाल्या, त्याला शाळेतल्या पोरी का घाबरत असतील ते समजलं.

नंतर संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी आपापल्या कामात डोकं घालून बसलो. मावशींनी चौदा काज केले. मोजले मी, कारण त्यांच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं. जाताना रोजच्यासारखं "येते ताई" म्हणाल्या. त्यांचं मन मोठं आहे. त्यांना काही वाटलेलं नाही बहुतेक.

सोमवार, २३

शाळेनं मावशींना नकार कळवला. "दुसऱ्या उमेदवार अधिक योग्य वाटल्या." बाईंनी नाव मागे घेतलं, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो लावायला गणित यावं लागत नाही.

मावशींनी चिठ्ठी मला वाचायला दिली. मी म्हटलं, "जाऊ द्या हो, चाळीस पोरींसमोर घसा फुटला असता तुमचा." त्या म्हणाल्या, "हो." चिठ्ठी घडी करून सुयांच्या डबीत ठेवली.

मी काय बोलले ते लिहून काढल्यावर आता दिसतंय. आज रात्री जेवताना मला बरं वाटत होतं की काजाची सोय राहिली. हे मी कुणाला सांगणार आहे? म्हणून इथे लिहिते. मला बरं वाटत होतं.

मंगळवार, २४

मावशी म्हणाल्या, "ताई, त्या मुलीचं लग्न रविवारी आहे." मी म्हटलं, "ठाऊक आहे मला!" उगाच ओरडले. दिवसभर कानकोंडी होऊन बसले.

बुधवार, २५

ठरवलं, लेकीकडून बटवा परत घ्यायचा, अस्तर-नाडी बदलायची आणि नेऊन द्यायचा. लेकीला म्हटलं, "तुझा बटवा दे जरा, नाडी बदलते."

तिनं कपाटातून काढून दिला. रिकामा. म्हटलं, यातलं सामान कुठे आहे? म्हणाली, "मी तो नेतच नाही कामावर. आठवडा झाला."

"का?"

"त्या दिवशी नवरी आली होती ना, तेव्हा मला अर्धी सुट्टी होती. आत स्वयंपाकघरात होते मी. तू म्हणालीस, काहीच उरलं नाही."

दुकान आणि घर यांच्यात आमच्याकडे एक पडदा आहे, तोही जुन्या चादरीचा. त्यातून कुजबुजसुद्धा ऐकू जाते. हे मला माहीत नाही असं थोडंच आहे! मी म्हटलं, "अगं, धंद्यात तसं असतं." ती लहानपणी खोटं बोलताना सापडली की मी हाताची घडी घालून नुसती उभी राहायचे. ती तशीच उभी होती.

मग तिचा आवाज फुटला. "बाई आल्या, मावशींचं नाव निघालं, तेव्हाही मी घरात होते, आई. सर्दी झाली होती म्हणून. मला वाटलं तू आता बोलशील. मग वाटलं, आता बोलशील. आणि मीसुद्धा बाहेर आले नाही. मावशी मला लहानपणापासून बटणं लावून देतात, आणि मी पडद्यामागे उभी राहिले."

मी स्वतःच्या लाजेची तयारी ठेवली होती. तिनं माझ्यामुळे शरमेनं रडावं, याची नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला जवळ घ्यायला गेले तर ती बाजूला सरकली. फार नाही, एक पाऊल.

गुरुवार, २६

अस्तर पांढरं केलं, नाडी नवी घातली. बटवा घेऊन बाईंच्या घरी गेले. वाटेत तीन वाक्यं पाठ केली: मीच घेतला होता. खोटं बोलले. मावशींचा काही संबंध नाही. तीनच. पोरीसुद्धा कविता याहून मोठी पाठ करतात.

दार बाईंनी उघडलं. माझ्या हातातला बटवा बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मी पहिल्या वाक्याचा म उच्चारायच्या आत त्याच म्हणाल्या, "सापडलं? मशीनमागेच ना?"

मी म्हटलं, "हो."

एवढा तयार जिना पुढ्यात आला आणि मी उतरून मोकळी झाले. तो जिनाही मावशींनीच बांधून ठेवलेला. धाकटी धावत आली, बटव्याची नाडी चारदा ओढली, चारदा सोडली. नवरी मला खुर्चीत बसवून पाणी देत होती. बाई म्हणाल्या, "दुसरी असती तर सापडूनही मुकाट्यानं ठेवून घेतलं असतं. तुम्ही सापडल्या सापडल्या शिवून आणलंत. असा प्रामाणिकपणा राहिलेला नाही हल्ली."

मी पाणी प्याले. सगळा पेला संपवला.

निघताना कसंबसं म्हटलं, "त्या शाळेतल्या जागेचं..." बाई म्हणाल्या, "ती भरली हो. वाईट वाटतंय मला. पण दोन वितींचं कापड दहा दिवस सापडू नये इतकी अव्यवस्थित बाई, तिच्या हाती वर्ग तरी कसा द्यायचा?"

रविवार, २९

लग्नाला गेले. मावशींनाही बोलावणं होतं. बाईंना चुकल्याचं वाटत असावं, म्हणून. मावशी ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या आणि भिंतीकडेच्या खुर्चीत बसल्या होत्या.

पोशाख देखणा दिसत होता. करवलीनं बटवा दोन्ही हातांत धरला होता, पाखरू धरावं तसा. अंगठ्या काढायची वेळ आली तेव्हा नाडी एका झटक्यात सुटली, कुठे अडकली नाही. माझी छाती फुगली. त्याही वेळी फुगली, काय म्हणावं मला!

जेवताना बाईंनी मला पाहुण्यांपुढे नेलं. "या आमच्या शिवणाऱ्या ताई. बटव्याचं कापड यांच्या मदतनीस बाईंच्या हातून हरवलं होतं. यांनी दुकान उलटंपालटं करून शोधलं आणि रातोरात शिवून दिलं." मावशी दोन हातांवर ताट घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांनी आधी माझ्याकडे कौतुकानं बघितलं, मग त्यांच्याकडे.

मी म्हटलं, "नाही हो, तसं नाही."

बाई म्हणाल्या, "बघा, किती विनय!"

सगळे हसले. मीही हसले की काय, आठवत नाही. हसले असेन. मावशींनी ताट तसंच मेजावर ठेवलं आणि त्या निघून गेल्या. त्यातलं काहीच खाल्लं नव्हतं.

सोमवार, ३०

मावशी कामाला आल्या नाहीत. दहा वाजता मी दुकान बंद केलं आणि त्यांच्या घरी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. पत्ता लेकीला माहीत होता, मला नव्हता.

दुसऱ्या मजल्यावर एक खोली. त्या दारातच उभ्या राहिल्या. मी जे बाईंना सांगायचं होतं ते त्यांना सांगितलं. तीन वाक्यं. रडूही आलं. त्यांनी ते संपेपर्यंत वाट बघितली.

"हे मला माहीत आहे ताई. मला कशाला सांगता? बाईंना सांगा. माझ्यासमोर सांगा."

"आत्ता?"

"मी चपला घालते."

मीही चपला घालायला वाकले, तेव्हा कळलं की मी त्या काढल्याच नव्हत्या. त्यांनी मला आत बोलावलं नव्हतं.

शाळेची मधली सुट्टी होती. बाई शिक्षकांच्या खोलीत डबा उघडून बसल्या होत्या, आणखी तिघी-चौघी होत्या. मी म्हटलं, बाहेर येता का? मावशी म्हणाल्या, "इथेच." पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीभर ऐकला. वर्गातही ऐकू गेला असता.

मी सांगितलं. सोमवार नऊ तारखेपासून सगळं. बाह्यांची मांडणी, लेकीचा बटवा, "काहीच उरलं नाही", इस्त्री तापली नव्हती ते, मशीनमागचं खोटं. बोलताना कुणी डबा खात नव्हतं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. उठून मावशींपुढे उभ्या राहिल्या आणि हात जोडले. "माझं चुकलं. मी हिशेब बरोबर केला आणि उत्तर चुकीच्या माणसाच्या नावावर लिहिलं." मावशी म्हणाल्या, "हात नका जोडू. जागा निघाली की कळवा." बाई म्हणाल्या, कळवीन. नक्की कळवीन.

परत येताना दोघी बरोबर चाललो. मला हलकं वाटायला लागलं होतं, खरं सांगायचं तर. वाटलं, झालं एकदाचं. चौकात आमचे रस्ते फुटतात. मी म्हटलं, "उद्या येताय ना मावशी? दोन सदऱ्यांचे काज राहिलेत."

त्या थांबल्या.

"ताई, अकरा वर्षं तुमच्याकडची कात्रणं मी भरते. पोतीच्या पोती. तुम्ही कितीदा म्हणालात, न्या घरी, उशीचे अभ्रे होतील. मी एक चिंधी नेली नाही. दोरासुद्धा अंगाला चिकटला तर निघताना झटकून जायचे. कधीतरी कुणाचं तरी कापड हरवणार, आणि तेव्हा सगळे माझ्याकडेच बघणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मी चपलांकडे नजर वळवली.

"बाईंनी विचारलं त्या दिवशी मी तुमच्याकडे बघितलं ना, ते तुम्ही कबूल करावं म्हणून नव्हे. वाटलं, मी कधी काही नेत नाही, एवढं तरी तुम्ही बघितलं असेल. एवढं तरी सांगाल."

आणि त्या वळून गेल्या. "येते ताई" म्हणाल्या नाहीत.

मी बघितलं नव्हतं. अकरा वर्षं मशीन त्यांच्याकडे तोंड करून आहे, आणि मी एकदाही बघितलं नव्हतं.